भेट द्यावी

चष्मेवाल्याने तपासणीची ती गोल, जड चौकट तिच्या नाकावर बसवली, चौकटीत एक भिंग सरकवले आणि तिच्या हाती एक चिठोरे दिले.

“वाचा. अडखळाल तिथं सांगा.”

ती अडखळली, पण अक्षर दिसेना म्हणून नव्हे.

“मुलीने दर रविवारी वडिलांना भेट द्यावी...” एवढे वाचून ती थांबली. कारण ते वाक्य तिचे स्वतःचे होते.

ती भाषांतर करणारी होती. कौटुंबिक न्यायालयाचे निकाल न्यायालयाच्या भाषेत लिहिले जात आणि घटस्फोट कोणत्या अटींवर झाला, मूल कोणाकडे राहील, त्याच्या खर्चाचे काय, हे पक्षकारांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, म्हणून ते मराठीत आणण्याचे काम तिच्याकडे येई. या एका वाक्यासाठी तिने अख्खी दुपार घालवली होती. ‘भेटावे’ हे तिला फार उघडेबोडके वाटले होते. ‘भेटीस जावे’ म्हटले, तर बाप परका वाटत होता. ‘भेट द्यावी’ या शब्दांना मात्र भारदस्तपणा होता. कानामागे खोचलेली तिची लाल पेन्सिल त्या दिवशी समाधानाने खाली ठेवली गेली होती. पण ते वाक्य इथे, चष्म्याच्या दुकानात, तिच्या नाकासमोर कसे आले?

“हे... कुठून आणलंत?”

“छापील कार्ड होतं, त्यावर चहा सांडला,” तो भिंगांच्या पेटीत काही शोधत म्हणाला. “एवढ्या बारीक टायपात दुकानात दुसरं काही नव्हतं. माझ्याच निकालाचा तुकडा आहे. घटस्फोटाच्या. घाबरू नका, नावंगावं कापून टाकलीत.”

“अख्ख्या निकालातून हीच ओळ का?”

“बाकीच्या ऐकवत नाहीत.” त्याने दुसरे भिंग उजेडाकडे धरून पाहिले. “ही ऐकायला बरी वाटते. दिवसभरात जेवढी गिऱ्हाईकं येतात, तेवढी माणसं मला सांगून जातात, की रविवार माझा आहे. फुकटात. हां, आता वर बघा. माझ्याकडे नको, भिंतीकडे.”

“मी भिंतीकडेच बघत होते.”

“मग भिंत माझ्या कानाशी आली असेल.”

तिला हसू आले. ते लपवण्यासाठी तिने मान वळवली आणि तिची नजर गल्ल्यामागच्या काचेच्या फळीवर गेली. महागड्या चौकटी मांडायची ती जागा. पण तिथे मांडल्या होत्या भलत्याच वस्तू. दाराची एक गोल मूठ. लाकडी डावाचा तुटका दांडा. एक मोजा, जोडीदाराविना. कुलूप नसलेली किल्ली. मोरीचे रबरी बूच. आणि असेच कितीतरी.

“हे विकायला आहे?” तिने विचारले. चौकसपणा हा तिचा जुना रोग होता.

“त्या भेटी आहेत.” त्याचा आवाज एकाएकी मऊ झाला. “माझी लेक आणते. खारूताई म्हणतो मी तिला. दर रविवारी एक. रिकाम्या हातानं कधी आली नाही. आणि गंमत सांगतो तुम्हाला. एरवी मला अरेतुरे करणारी पोरगी, पण दाराशी उभी राहून ती वस्तू आधी माझ्या हातात ठेवते, ‘घ्या, भेट’ म्हणते, आणि मगच उंबरा ओलांडते. प्रेमच आहे. दुसरं काय?”

तिने बुचाकडे पाहिले. मग हातातल्या चिठोऱ्याकडे पाहिले. *मुलीने दर रविवारी वडिलांना भेट द्यावी.* तिच्या मनात एक शंका अशी काही चमकली, की चौकटीच्या जड काचांमागे तिचे डोळे विस्फारले.

“दिसेनासं झालं का?” त्याने विचारले.

“नाही... उलट फारच स्पष्ट दिसलं,” ती म्हणाली.

तिने तेव्हाच बोलायला हवे होते. पण परक्या माणसाची वाक्ये दुरुस्त करणे वेगळे आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद दुरुस्त करणे वेगळे. शिवाय शंका म्हणजे काही पुरावा नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिने चौकट निवडली आणि ती घरी गेली.

नवा चष्मा चार दिवसांत सैल झाला. तो घट्ट करून आणला, तर पुन्हा सैल झाला. तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, नजरेतून हे सुटणे शक्यच नव्हते.

“नाक बारीक होत चाललंय वाटतं तुझं,” भाजी निवडता निवडता ताई म्हणाली.

“स्क्रू ढिला आहे.”

“कोणाचा?”

ताईने एक देठ मोडला. “एका बिचाऱ्यानं तुला पत्र लिहिलं, तर त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून तू परत पाठवलंस. हा निदान पत्र तरी लिहीत नाही ना?”

“तो भांडतो,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद ऐकून ताईने निवडणे थांबवले.

भांडण शब्दांवरून होई. ती भाषांतर करते एवढे त्याला ठाऊक झाले होते. कसले, म्हणून विचारल्यावर ‘रटाळ कागदांचं’ असे सांगून तिने वेळ मारून नेली होती. तेव्हापासून तो तिला ‘भाषांतरबाई’ म्हणू लागला आणि मनात साठलेल्या तक्रारी तिच्यापुढे मांडू लागला.

“मला सांगा, ‘मुलीचा ताबा’ म्हणजे काय?” चष्म्याची काडी गरम करून वाकवत तो म्हणाला. “ताबा गाळ्याचा घेतात. पोर काय गाळा आहे?”

“मग तुम्ही सुचवा.”

“सांभाळ.”

“सांभाळ चांगला आहे,” ती नाइलाजाने म्हणाली. “पण कायद्याला तो पातळ वाटेल. उद्या कोणी म्हणेल, सांभाळ आजीही करते.”

“करू दे की. आणि ‘पोटगी’? मी पोरीच्या शाळेसाठी, कपड्यांसाठी देतो, तर तिथं नुसतं पोट.”

“ती बायकोची असते. मुलीचा तो संगोपनखर्च.”

“हा शब्द बरा आहे. कोणी काढला?”

“कोणीतरी रटाळ माणसानं,” ती म्हणाली आणि फुंकर घालून गार केलेली काडी तो तिच्या कानामागे बसवू लागला. तिथे लाल पेन्सिल होती. त्याने ती दोन बोटांनी अलगद काढली, काडी बसवली, पेन्सिल पुन्हा जागच्या जागी खोचली. एवढेच झाले. पण बराच वेळ दोघांनाही पुढचा शब्द सुचला नाही... आणि शब्दांवाचून अडण्याची तिला मुळीच सवय नव्हती.

असे चालले असताना एका दुपारी तिच्या टेबलावर एक नवा अर्ज भाषांतरासाठी आला.

अर्ज एका आईचा होता. घटस्फोटानंतर मुलगी तिच्याजवळ राहत होती आणि रविवारी वडिलांकडे जात होती. वर्षभर घरातल्या वस्तू नाहीशा होत होत्या; आरंभी किरकोळ, म्हणून तिने दुर्लक्ष केले. परंतु मागल्या रविवारी तिच्या दिवंगत वडिलांचे मनगटी घड्याळ गेले. ते दुसऱ्याच दिवशी परत आले, हे तिने प्रामाणिकपणे नमूद केले होते. तरी मुलीचे वडील तिला वस्तू उचलून आणायला शिकवतात, असा तिचा आरोप होता. सबब रविवारच्या भेटी बंद कराव्यात, अशी विनंती होती. सुनावणी मंगळवारी.

वस्तूंची नावे वाचता वाचता ती एका शब्दापाशी थांबली. ‘मोरीचे बूच.’

तिने पेन्सिल खाली ठेवली. अर्ज उचलून ती कारकुनाकडे गेली आणि म्हणाली, “हा दुसऱ्या कोणाला द्या. मी यातल्या एकाला ओळखते.”

रविवारी दुकान बंद असे; पण शटर अर्धे वर असायचे, कारण त्या दिवशी आतल्या खोलीत बापलेकीचे राज्य असे. ती पोचली, तेव्हा शटर पूर्ण वर होते आणि उंबऱ्याबाहेर, पायरीवर, सात वर्षांची एक मुलगी दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत घालून उभी होती. आत चष्मेवाला गुडघ्यांवर बसला होता.

“ये ना गं आत. ऊन लागतंय.”

“नाही येता येत.”

“का पण? मी रागावलो नाहीये. घड्याळाचं झालं गेलं.”

मुलीने मान हलवली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने भाषांतरबाईंकडे पाहिले. त्याच्याकडे अर्जाची नोटीस आलेली आहे, हे त्याच्या न झोपलेल्या डोळ्यांवरून तिला कळले.

ती पायरीवर मुलीशेजारी बसली.

“तू कोण?” मुलीने विचारले.

“मी चष्म्याची गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाईकं रविवारी नसतात.”

“बरोबर आहे. आज तू काय आणलंस?”

मुलीने दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. “काहीच नाही. निघताना आईनं खिसे तपासले. दगडपण काढून घेतला.”

“मग तशीच जा की आत.”

“तसं चालत नाही,” मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली. एवढ्या मोठ्या बाईला एवढेही ठाऊक नसावे, याचे तिला नवल वाटले असावे. “कोर्टानं लिहून दिलंय. आमच्या फ्रिजवर लावलाय कागद. मी स्वतः वाचलाय. मुलीनं दर रविवारी वडिलांना भेट द्यावी. नाही दिली तर येऊ देणार नाहीत.”

आत चष्मेवाल्याच्या हातातला फडका खाली पडला. तो त्याने उचलला नाही.

“आणि त्या दिवशी घड्याळ?” तिने हळूच विचारले.

“मी विसरले होते. बाबा खाली हॉर्न वाजवत होता. जे समोर दिसलं ते घेतलं.” तिचा आवाज चिरकला. “मी दुसरं काहीतरी देणार होते.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. भाषांतरबाईंनी मुलीचे उलटे खिसे पुन्हा आत सारले.

“ते वाक्य चुकलंय,” ती म्हणाली.

“कोर्ट चुकत नाही.”

“कोर्ट नाही चुकलं. कोर्टाला म्हणायचं होतं, मुलीनं बाबाला भेटावं. ज्या बाईनं ते मराठीत लिहिलं, तिनं जरा जास्तच सुंदर करायला जाऊन घोळ घातला. भेट देणं म्हणजे भेटायला येणं, आणि भेट देणं म्हणजे वस्तू देणंसुद्धा. तिच्या डोक्यात पहिलं होतं. तू वाचलंस दुसरं. तुझं वाचणं बरोबर होतं.”

“तुला काय माहीत, तिच्या डोक्यात काय होतं?”

“ती बाई मी आहे.”

हे ती मुलीला म्हणाली. पण ऐकले दोघांनी. तिने मागे वळून पाहिले नाही.

मुलीने तिला आपादमस्तक न्याहाळले. “मग तुझे मार्क कापतील.”

“कापतील.”

“आणि मी काही आणलं नाही, तरी...?”

“तू आलीस, की झाली भेट. तेवढंच लिहायचं होतं.”

मुलीने बराच विचार केला. मग एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला आणि काही होते का, म्हणून वाट पाहिली. काही झाले नाही. तेव्हा ती दुसरा पाय आत घेऊन धावत सुटली आणि बापाच्या गळ्यात अशी पडली, की तो मागच्या कपाटावर आदळला.

पुढे मुलगी आतल्या खोलीत चित्र काढत बसली, तेव्हा तो फळीसमोर येऊन उभा राहिला.

“वर्षभर मला वाटत होतं, प्रेमानं आणते,” तो फळीकडे पाहत म्हणाला. “ती घाबरून आणत होती. दर रविवारी. आणि मी इथं मांडून ठेवत होतो.”

“मला पहिल्याच दिवशी शंका आली होती.”

त्याने सावकाश मान वळवली. “पहिल्याच दिवशी?”

“बूच बघितल्यावर.”

“आणि एवढ्या वेळा चष्मा घट्ट करून नेलात... पण बोलला नाहीत.”

यावर तिच्याजवळ समर्थन होते. तिच्याजवळ नेहमीच असे. पण ते तिने मांडले नाही. “नाही बोलले,” ती म्हणाली. “मंगळवारी कोर्टात बोलेन.”

“तुमचं काम जाईल.”

“तुमचा रविवार जाण्यापेक्षा बरं.”

ती पायरी उतरून निघाली, तेव्हा मागून शटर खाली येण्याचा आवाज आला. तो शटर ओढत होता, एवढेच. पण तिला तो आवाज घरापर्यंत ऐकू येत राहिला.

मंगळवारी न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले आणि मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

“तुमचं म्हणणं काय? वाक्य शुद्ध आहे, की चूक?”

“शुद्ध आहे,” ती म्हणाली. “आणि चूकही आहे. शब्दकोशाप्रमाणे त्यात दोष नाही. पण ते ज्या मुलीसाठी होतं, तिला त्याचा दुसरा अर्थ लागला, आणि त्या अर्थाप्रमाणे ती वर्षभर आज्ञा पाळत होती. तिला वस्तू उचलायला कोणी शिकवलं असेल, तर ते मी.”

मुलीची आई उभी राहिली. ती नीटनेटकी, थकलेली बाई होती. आतापर्यंत ताठ बसली होती, ती आता बाकाची कड धरून उभी होती.

“मी तिला ‘घेतलंस का?’ एवढंच विचारत राहिले,” ती म्हणाली. “कशाला घेतलंस, हे विचारलंच नाही. अर्ज मागे घेते मी.”

न्यायाधीशबाईंनी तिथल्या तिथे वाक्य बदलून लिहायला सांगितले. मुलीने दर रविवारी वडिलांना भेटावे. ज्या शब्दाला ती उघडाबोडका समजली होती, तो आता तिला अंगभर ल्यायलेला वाटला. तिचे काम गेले नाही. मात्र यापुढे तिचे प्रत्येक भाषांतर दुसऱ्या कोणीतरी वाचून पाहावे, असे ठरले.

“शक्य असेल, तर सात वर्षांच्या कोणीतरी,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्या विनोद करत होत्या की नाही, ते शेवटपर्यंत कळले नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात चष्मेवाला मुलीच्या आईला म्हणत होता, “सगळ्या वस्तू खोक्यात भरून पाठवतो.”

“राहू दे तिच्या आठवणीला,” ती म्हणाली. “बूच तेवढं दे. वर्षभर मोरीत फडकं कोंबतेय मी.”

तो हसला. मग भाषांतरबाईंकडे पाहून त्याने नुसती मान लववली आणि तो जिना उतरून गेला.

त्यानंतर चष्मा सैल होईनासा झाला. ताईने काही दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच्या हाताने त्याचा स्क्रू उलटा फिरवून तो टेबलावर ठेवला.

“हे बघ, पडायला आलाय. जाऊन ये.”

“ताई, हे तू केलंस.”

“सिद्ध कर,” ताई म्हणाली.

शनिवारची दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. त्याने चष्मा हातात घेतला, स्क्रू पाहिला, काही विचारले नाही. “बसा. तपासणीही करून घेऊ. बरेच दिवस झाले.”

फळीवर सगळ्या वस्तू होत्या. फक्त बुचाची जागा रिकामी होती. आणि एका टोकाला काहीतरी नवीन होते. पिंपळाचे एक वाळके पान.

“ते रविवारचं,” तिची नजर पाहून तो म्हणाला. “दारातनं धावत आत आली, झोपली, उठली, जेवली. निघताना खिशातून काढलं. म्हणाली, ही कोर्टाची नाही. ही माझी.”

त्याने ती जड चौकट तिच्या नाकावर बसवली.

“पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?” भिंग सरकवताना त्याने विचारले. आता त्या आवाजात धार नव्हती. खरोखरच जाणून घ्यायचे होते.

“तुम्ही फार आनंदात होतात.”

“पुढच्या वेळी सांगा. मी आनंदात असलो, तरी.”

‘पुढच्या वेळी’ हे शब्द तिने मनात दोनदा वाचले. तोवर त्याने तिच्या हाती एक कार्ड दिले. जुने वाक्य रद्द झाले होते, तेव्हा नवे कार्ड करणे भागच होते. वर ठळक अक्षरांत काहीबाही होते, खाली अक्षर लहान होत गेले होते, आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, हाताने लिहिलेली एक ओळ होती.

“खालची ओळ वाचा. अडखळाल तिथं सांगा.”

“भाषांतरबाईंनी...” ती थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. “भाषांतरबाईंनी दर शनिवारी चष्मेवाल्याला भेट द्यावी.”

रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाक मारली.

“याचे दोन अर्थ होतात,” ती म्हणाली.

“कल्पना आहे.”

“संदिग्ध वाक्य आहे. यातला कुठला अर्थ अभिप्रेत आहे?”

“दोन्ही,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तिचा हात सवयीने कानामागे गेला. लाल पेन्सिल बोटांत आली. तिने कार्ड काउंटरवर सरळ ठेवले, वाक्यावरून पेन्सिलीचे टोक एकदा डावीकडून उजवीकडे फिरवले, कागदाला न टेकवता. तो श्वास रोखून पाहत होता. मग ती उठली, फळीपाशी गेली, आणि बुचाच्या रिकाम्या जागी तिने ती पेन्सिल ठेवली.

“ही एक,” ती म्हणाली.

“आणि दुसरा अर्थ?”

ती परत येऊन खुर्चीवर बसली. “तो... तुमच्या समोर बसलाय ना.”

त्याने हातातले भिंग उजेडात धरले, विनाकारण पुसले, तिच्या चौकटीत सरकवले आणि पुढे वाकला.

“वर बघा.”

“भिंतीकडे?”

“नको,” तो म्हणाला.